गुणांची सवलत नको, मुदतीची हवी : खेळाडू विद्यार्थ्याच्या पात्रतेची गोष्ट

१/ पुण्याहून मुंबईकडे निघालेल्या प्रवाशाला महामार्गालगत म्हाळुंगे-बालेवाडीचे शिवछत्रपती क्रीडासंकुल दिसते. यातले म्हाळुंगे हे मूळचे मुळशी तालुक्यातले गाव, हे मात्र फारसे कुणाच्या ध्यानी नसते. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी हे संकुल उभे राहिले. २००८ मध्ये राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा येथेच झाल्या. २०२१ मध्ये म्हाळुंगे गाव पुणे महापालिकेत गेले.

२/ महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठाचा कायदा २०२० साली झाला, तोही याच संकुलाला डोळ्यांसमोर ठेवून. म्हणजे मैदान आणि विद्यापीठ यांनी एकाच आवारात नांदावे, असे राज्याने ठरवले. त्या निमित्ताने एक जुना प्रश्न पुन्हा विचारावासा वाटतो. विद्यापीठाच्या नावाने खेळणाऱ्या मुलामुलींनी वर्गात नेमके किती शिकलेले असावे? आजचा धागा या प्रश्नाचा आहे.

३/ मुळशीला खेळ नवा नाही. जत्रेतला कुस्त्यांचा फड, लाल माती, शड्डूचा आवाज आणि निकाली कुस्तीवर लागलेले इनाम हे इथल्या गावांच्या वर्षचक्राचेच भाग. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, ते मामासाहेब मोहोळ याच तालुक्यातल्या मुठा गावचे. १९६१ पासून चालत आलेल्या ‘महाराष्ट्र केसरी’ची मानाची गदा आज त्यांच्याच स्मरणार्थ दिली जाते.

४/ तालमीत पात्रता ठरवणारा एकच असे, तो म्हणजे वस्ताद. जोर-बैठका किती, खुराक पचतो का आणि वागणूक कशी, एवढे पाहून तो पोराला फडात उतरवी. शाळेचा दाखला तो मागत नसे. महाविद्यालयीन खेळ सुरू झाले आणि वस्तादाच्या शेजारी दुसरा एक परीक्षक येऊन उभा राहिला. तो म्हणजे हजेरीपट.

५/ प्रारंभी या दोघांत वैर नव्हते. पुण्यात प्रा. दि. ब. देवधर महाविद्यालयात संस्कृत शिकवीत आणि मैदानावर महाराष्ट्राचे नेतृत्व करीत. त्यांच्याच नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असे लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकले. एकाच माणसात अध्यापक आणि खेळाडू सुखाने राहत होते. पण देवधर अध्यापक होते. प्रश्न आहे तो विद्यार्थ्याचा.

६/ तेव्हा कोल्हापूरला जाऊ. गोळेश्वरचे खाशाबा जाधव राजाराम महाविद्यालयात शिकत होते. त्यांची सर्वश्रुत कथा अशी, की अंगकाठी किरकोळ म्हणून क्रीडाशिक्षकांनी त्यांचे नाव वार्षिक स्पर्धेत घेण्यास नकार दिला. खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांनी परवानगी दिली आणि खाशाबांनी आपल्याहून धिप्पाड मल्लांना आस्मान दाखवले.

७/ १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायचे तर पैसा नव्हता. तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले, ही हकिकत महाराष्ट्र आजही सांगतो. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

८/ ही गोष्ट आपण नेहमी मल्लाच्या जिद्दीची म्हणून ऐकतो. मला ती पात्रतेची गोष्ट वाटते. तीत दोन निर्णय आहेत. पहिला शिक्षकाचा : ‘तू बसत नाहीस.’ दुसरा प्राचार्यांचा : ‘तू बसतोस, आणि त्याची जबाबदारी माझी.’ पहिल्या निर्णयात सारा भार विद्यार्थ्यावर आहे. दुसऱ्यात संस्थेने स्वतःच्या घराचे छप्पर पणाला लावले आहे.

९/ पुढे नियम आले. भारतीय विद्यापीठांची समाईक संस्था ‘आंतरविद्यापीठ मंडळ’ या नावाने १९२५ साली स्थापन झाली. १९७३ मध्ये तिचे नाव भारतीय विद्यापीठ संघ असे झाले. १९३५ पासून रोहिंटन बारिया करंडकासाठी विद्यापीठे क्रिकेट खेळू लागली. एका विद्यापीठाने दुसऱ्याशी खेळायचे म्हटले, की ‘हा खरोखर तुमचाच विद्यार्थी आहे का?’ हा प्रश्न उभा राहणारच.

१०/ म्हणून आपल्या आंतरविद्यापीठ नियमांचा गाभा ओळखपत्राचा आहे. खेळाडू नियमित अभ्यासक्रमाचा खराखुरा विद्यार्थी असावा. तो पूर्णवेळ नोकरीत नसावा. बारावीसारखी पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन ८ शैक्षणिक वर्षांहून अधिक काळ लोटलेला नसावा. वयाची मर्यादा पूर्वी २८ होती, ती पुढे २५ वर आली. मागल्या दाराने येणारे व्यावसायिक खेळाडू रोखणे हा या अटींचा हेतू, आणि तो रास्तच आहे.

११/ पण या अटी पुन्हा एकदा वाचा. वय, वर्षे, नोकरी, प्रवेश. विद्यार्थी कोण आहे हे त्या विचारतात. तो शिकतो आहे का, हे त्या विचारत नाहीत. तो प्रश्न महाविद्यालयावर सोडलेला आहे आणि महाविद्यालयाने तो ७५ टक्के हजेरीवर सोडला आहे. स्पर्धेच्या दिवसांची हजेरी धरण्याची सोय अनेक ठिकाणी आहे. मात्र हजेरी मांडली म्हणून त्या दिवशीचा धडा कळला, असे होत नाही.

१२/ आता एक मुलगी कल्पू. पौडच्या पलीकडच्या गावात राहते, पुण्यात शिकते, म्हाळुंगे-बालेवाडीला धावते. पहाटे पौड, पिरंगुट, भूगाव, चांदणी चौक असा प्रवास करून ती मैदान गाठते. सरावानंतर महाविद्यालय, संध्याकाळी पुन्हा तोच रस्ता उलटा. हिवाळ्यात पश्चिम विभागाची स्पर्धा लागते, कधी राजस्थानात, कधी गुजरातेत. त्याच सुमारास सत्र परीक्षाही येते.

१३/ नियम तिला काय देतो? हजेरीत सूट देतो. खेळातल्या सहभागासाठी काही वाढीव गुण देतो. राहिलेला पेपर पुढल्या सत्रात ‘बॅकलॉग’ म्हणून देण्याची मुभा देतो. तिला खरी निकड असते ती वेळेची, आणि चुकलेला भाग कुणीतरी पुन्हा शिकवण्याची. या दोन्ही गोष्टी तिला क्वचितच मिळतात. असे का घडते, हे समजून घ्यायला थोडे दूर जावे लागेल.

१४/ या प्रश्नावर सर्वाधिक प्रयोग केले आणि सर्वाधिक ठेचा खाल्ल्या त्या अमेरिकेने. तिथला पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना म्हणजे १८५२ ची हार्वर्ड-येल नौकाशर्यत. तिचा खर्च एका रेल्वे कंपनीने उचलला होता. १८५५ च्या पुढच्याच शर्यतीत हार्वर्डच्या नावेचा सुकाणू धरणारा माणूस माजी विद्यार्थी निघाला. पात्रतेचा वाद म्हणजे महाविद्यालयीन खेळाचा जुळा भाऊच!

१५/ १९०५ च्या हंगामात तिथल्या फुटबॉलमध्ये किमान १८ जणांचा मृत्यू झाला. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना लक्ष घालावे लागले. त्यातून १९०६ मध्ये जी संघटना उभी राहिली, तिचे १९१० पासूनचे नाव एनसीएए. जीव वाचवण्यासाठी जन्मलेल्या या संघटनेने पुढे गुणपत्रिकाही हाती घेतली.

१६/ १९६५ मध्ये नियम झाला, की महाविद्यालयात किमान १.६ सरासरी मिळवील असा अंदाज ज्याच्याविषयी बांधता येतो, त्यालाच शिष्यवृत्ती मिळावी. १९७३ मध्ये तो रद्द झाला. मग शाळेतली २.० सरासरी एवढीच अट उरली. कोणत्या विषयांत, याला बंधन नव्हते. दार जवळजवळ सताड उघडले गेले.

१७/ त्या उघड्या दाराची किंमत १९८९ मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीसमोर ऐकू आली. व्यावसायिक फुटबॉलमधला नामांकित खेळाडू डेक्स्टर मॅनली याने सांगितले, की आपण ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात चार वर्षे काढली, पण आपल्याला वाचता येत नव्हते. चार वर्षे तो नियमाने पात्र होता! त्याला अपात्र ठरवायचेच असेल, तर ते त्या विद्यापीठाला ठरवायला हवे होते.

१८/ तोवर लंबक दुसरीकडे गेला होता. १९८३ मध्ये ‘प्रपोझिशन ४८’ संमत झाले आणि १९८६ पासून लागू झाले. शाळेतल्या ११ मूलभूत विषयांत २.० सरासरी आणि एसएटी या प्रवेशचाचणीत १६०० पैकी किमान ७०० गुण. यापेक्षा कमी असेल त्याला पहिल्या वर्षी मैदान बंद. कागदावर नियम स्वच्छ दिसत होता. प्रत्यक्षात बाहेर राहिलेल्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय मुले होती, दुबळ्या शाळांतून आलेली.

१९/ जानेवारी १९८९ मध्ये ‘प्रपोझिशन ४२’ने अशा मुलांची शिष्यवृत्तीही काढून घ्यायचे ठरवले. जॉर्जटाउनचे बास्केटबॉल प्रशिक्षक जॉन थॉम्पसन हे स्वतः कृष्णवर्णीय. सामना सुरू होण्याच्या क्षणी ते निषेध म्हणून मैदान सोडून निघून गेले. देशभर चर्चा झाली आणि नियम सौम्य करावा लागला. एखाद्याला खेळू न देणे वेगळे, त्याच्या शिक्षणाचाच पैसा काढून घेणे वेगळे.

२०/ येथे प्रामाणिकपणे दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. नियम कडक झाल्यावर प्रवेश मिळालेल्या खेळाडूंपैकी पदवी पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण वाढले. शाळांनाही मूलभूत विषय गांभीर्याने शिकवावे लागले. अपेक्षा ठेवली की काही मुले तिथवर पोचतात, हे खरेच आहे. पण जी पोचली नाहीत, त्यांचे काय झाले, याचा हिशेब त्या टक्केवारीत नसतो. २०२३ मध्ये एनसीएएने प्रवेशचाचणीच्या गुणांची अट काढून टाकली.

२१/ मधल्या काळात त्यांनी एक शहाणी गोष्ट केली. २००४ च्या सुमारास संघाचेच प्रगतिपुस्तक सुरू केले. प्रत्येक सत्रात प्रत्येक खेळाडूमागे दोन गुण : एक तो शिक्षणात टिकला म्हणून, दुसरा तो अभ्यासात पात्र राहिला म्हणून. संघाची बेरीज १००० पैकी ९३० च्या खाली गेली, तर शिक्षा संघाला. मुलगा नापास झाला तर प्रशिक्षकालाही झळ बसू लागली.

२२/ आणि तरीही पळवाट निघालीच. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या एका विभागात १८ वर्षे असे वर्ग चालले, ज्यांत शिकवणेच नव्हते. एक निबंध द्यायचा आणि भरघोस गुण घ्यायचे. २०१४ च्या चौकशी अहवालानुसार ३,१०० हून अधिक विद्यार्थ्यांनी हे वर्ग घेतले. त्यांतले जवळपास निम्मे खेळाडू. २०१७ मध्ये एनसीएएने हात वर केले. हे वर्ग सर्वांनाच खुले होते, मग खेळाडूंना खास लाभ कसा म्हणावा?

२३/ या दीर्घ इतिहासातून मला दोन धडे दिसतात. गुणांची रेषा आखली आणि मदत दिली नाही, तर ती रेषा गरिबाच्या गळ्याला लागते. गुणांची रेषा आखली आणि शिकवण्याची तपासणी ठेवली नाही, तर गुण खोटे होतात. दोन्ही वेळा नियम विद्यार्थ्याकडे बोट दाखवतो आणि संस्था नामानिराळी राहते.

२४/ आपल्याकडे तिसरीच रीत आहे. आपण रेषा फारशी आखतच नाही. दहावी-बारावीला सवलतीचे गुण देतो, महाविद्यालयात हजेरी माफ करतो आणि खेळाडूवर उपकार केल्याचे समाधान मानतो. मला ही सवलत म्हणजे सन्मानाने केलेली उपेक्षा वाटते. ‘तू पदक आण, अभ्यासाचे आम्ही पाहून घेऊ’ या वाक्यात मुलाच्या बुद्धीविषयी किती तुच्छता दडलेली आहे!

२५/ कुणी म्हणेल, खेळाडूला पदवी हवीच कशाला? त्याचे उत्तर सरकारी जाहिरातीत आहे. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. पण पदाला लागणारी शैक्षणिक अर्हता त्यातून सुटत नाही. प्रमाणपत्र दार दाखवते, पदवी ते उघडते. गुडघा तेविसाव्या वर्षीही निखळू शकतो. नंतरची चाळीस वर्षे मग कशाच्या बळावर काढायची?

२६/ मुळशीत हा प्रश्न अधिक टोकदार आहे. शंभर वर्षांपूर्वी इथल्या शेतकऱ्यांनी धरणात जाणाऱ्या जमिनींसाठी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. अलीकडच्या दशकांत हिंजवडी, पिरंगुट, भूगाव या पट्ट्यात जमिनीचा पैसा आला आणि पुष्कळांच्या हातून गेलाही. जमीन गेलेल्या घरातल्या मुलापाशी दोनच ठेवी उरतात : शरीर आणि शिक्षण. पहिली झिजते. दुसरी वेळेवर जमा झाली नाही, तर हात रिकामेच.

२७/ मग करावे काय? माझे पहिले म्हणणे : गुणांची सवलत कमी करा, मुदतीची वाढवा. स्पर्धेमुळे पेपर चुकला, तर परतल्यावर काही आठवड्यांत स्वतंत्र परीक्षा व्हावी. काही विद्यापीठे ती घेतात, मग सर्वांनीच का घेऊ नये? प्रश्नपत्रिका तितकीच कठीण असू द्या. तारीख मात्र खेळाडूला सोसेल अशी द्या. यात दयेचा लवलेश नाही, आणि पदवीचे मोलही घटत नाही.

२८/ दुसरे : ८ वर्षांचे घड्याळ आंधळे नसावे. दुखापत, राष्ट्रीय शिबिर, बाळंतपण यांतला काळ त्यातून वजा व्हावा. २०२१ पासून देशात श्रेयांकांची बँक अस्तित्वात आहे. कमावलेले श्रेयांक साठवून ठेवता येतात आणि शिक्षण थांबवून पुन्हा सुरू करता येते. अभ्यासक्रम थांबू शकतो, पण खेळाची पात्रता थांबत नाही, ही विसंगती आता दूर व्हायला हवी.

२९/ तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे : प्रगतिपुस्तक संस्थेचेही असावे. खेळाडू म्हणून किती जणांना प्रवेश दिला आणि त्यांतल्या किती जणांनी पदवी पूर्ण केली, हे दोन आकडे प्रत्येक महाविद्यालयाने दरवर्षी फलकावर लावावेत. आज दर्शनी भागात झळकतात ते करंडक. शेजारी हा फलक आला, तर पालकाला आपल्या मुलासाठी महाविद्यालय निवडणे सोपे होईल.

३०/ आक्षेप मला ठाऊक आहे. आकडा दाखवायचा म्हटले, की आकडा फुगवण्याचा मोह होतो. नॉर्थ कॅरोलायनात तेच घडले. म्हणूनच चुकलेल्या पेपरची परीक्षा महाविद्यालयाने न घेता विद्यापीठाने घ्यावी आणि उत्तरपत्रिका इतरांच्या गठ्ठ्यातच तपासल्या जाव्यात. खेळाडूची वेगळी रांग तारखेपुरतीच. तपासनीसाच्या टेबलावर सारे सारखे.

३१/ खर्च होईल, प्राध्यापकांचे काम वाढेल, हेही खरे. पण म्हाळुंग्याच्या धावपट्टीवर, प्रशिक्षकांवर, उद्घाटनांवर आपण खर्च करतोच. त्यातला एक वाटा संध्याकाळी दोन तास शिकवणाऱ्या शिक्षकाला द्या. संकुलातच एक वर्ग उघडा. पौडच्या मुलीची शेवटची बस चुकणार नाही, अशा वेळेला तो भरवा. क्रीडा विद्यापीठाने आपल्या कामाची सुरुवात याहून चांगली कशी करावी?

३२/ खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षे लागली. २०२४ मध्ये पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्य मिळवले. तो राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला. संस्था पाठीशी उभी राहिली की काय होते, याची ही दोन टोके : एक प्राचार्यांचे घर, दुसरी शासनाची प्रबोधिनी.

३३/ प्रत्येक प्राचार्याने घर गहाण ठेवावे, अशी अपेक्षा कुणीच करणार नाही. पण त्या घराचा अर्थ विसरू नये. ‘तू पात्र आहेस का?’ असे विद्यार्थ्याला विचारण्याचा अधिकार संस्थेला जरूर आहे. त्याआधी ‘याला शिकवायला आपण पात्र आहोत का?’ हा प्रश्न तिने स्वतःला विचारलेला असावा, इतकेच. इति. आपल्या गावच्या, आपल्या महाविद्यालयाच्या खेळाडूंचे अनुभव अवश्य लिहा.